मैदानावर कोण उतरते?

विद्येचा उत्सव आपल्या सुशिक्षित घरांना नवा नाही. मुलाचा परीक्षेत वरचा क्रमांक आला की देवापुढे पेढे ठेवले जातात, आजोबांच्या पाया पडणे होते आणि चार घरी वार्ता पोहोचते. परंतु त्याच मुलाने शंभर मीटरच्या शर्यतीत पहिला क्रमांक मिळविला, तर त्याचे कौतुक बहुधा ओसरीपर्यंतच टिकते. स्वयंपाकघरात पोहोचेतो त्याचे ‘आता अभ्यासाला बस’ होऊन जाते. हा भेद मनात असेपर्यंत गावोगाव कितीही क्रीडामहोत्सव भरले तरी त्यांचे फळ आपल्या पदरात पडावयाचे नाही, असे आम्हांस वाटते. म्हणून या लेखात महोत्सवाच्या थाटापेक्षा मैदानावर कोण उतरते आणि कोण कडेला बसून राहते, याचा विचार वाचकांसमोर मांडीत आहो.

वऱ्हाडात तरी या विषयाची उणीव भासण्याचे कारण नाही. अमरावतीस 1914 साली अंबादासपंत व अनंतराव या वैद्य बंधूंनी एका साध्या आखाड्याच्या रूपाने जे बीज पेरले, त्याचाच श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ हा वृक्ष झाला. 1924 पासून मंडळाने उन्हाळ्याच्या सुटीत शारीरिक शिक्षणाचे वर्ग चालविले आणि तेथे शिकलेले शिक्षक ठिकठिकाणच्या शाळांत गेले. 1936 साली बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी याच मंडळाच्या पथकाने कबड्डीसारखे आपले देशी खेळ परदेशी प्रेक्षकांस करून दाखविले. आज राजापेठेवरून बडनेऱ्याच्या वाटेस लागणाऱ्या माणसास दसरा मैदानाचे नाव सांगावे लागत नाही. विजयादशमीस तेथे मंडळाच्या कवायती होतात आणि मल्लखांबावरील मुलांच्या कसरती पाहावयास घरेच्या घरे लोटतात. सीमोल्लंघन करून सोने लुटण्याच्या दिवशी शरीरबळाचे दर्शन घडावे, ही योजना मोठी औचित्याची आहे.

मात्र प्रदर्शन वेगळे आणि स्पर्धा वेगळी. प्रदर्शनात तयार झालेले थोडे दाखवितात आणि न झालेले पुष्कळ पाहतात. पाहणाऱ्यास स्फूर्ती मिळते हे खरे. पण ती स्फूर्ती घरी नेऊन तिचे काय करावयाचे, हे त्यास कोणी सांगत नाही. क्रीडादिनाचे प्रयोजन येथेच आहे. ज्यास मल्लखांब साधत नाही त्यासही धावता येते, चेंडू फेकता येतो, दोरीवरच्या उड्या मारता येतात. दिवसाच्या शेवटी टाळ्या वाजविणाऱ्यांपेक्षा घाम गाळणारे अधिक निघाले, तरच तो क्रीडादिन सफल झाला असे आम्ही मानू.

याकरिता फार खर्च लागत नाही. सपाट जागा, फक्कीच्या रेषा, मोजपट्टी, दोन विश्वासू घड्याळे आणि वयाप्रमाणे पाडलेले गट एवढी सामग्री पुरे. चारशे मीटरच्या वर्तुळाकार मार्गावर बाहेरच्या पट्टीतील धावपटूस वळणावर अधिक अंतर पडते. म्हणून त्यास आरंभी तितकेच पुढे उभे करावे लागते. ही गोष्ट ज्यांस ठाऊक नसते, ते ‘आमच्या मुलावर अन्याय झाला’ असे म्हणून पंचांशी भांडतात. तेव्हा नियम आधी वाचून दाखवावेत. वऱ्हाडचे ऊन लक्षात घेता पौष-माघातील सकाळ उत्तम. दहा वाजेतो मोठ्या शर्यती आटोपाव्यात, पाण्याची व सावलीची सोय असावी आणि मैदानावर एक डॉक्टर असावा. पेल्यांपेक्षा आम्हांस एका जाडशा वहीचे महत्त्व अधिक वाटते. प्रत्येक मुलाची वेळ व उडी तीत लिहून ठेवली, म्हणजे पुढील वर्षी त्यास दुसऱ्याशी नव्हे, तर आपल्याच मागील आकड्याशी झुंजता येते. मागे राहणाऱ्या मुलास मैदानावर परत आणणारा याहून सोपा उपाय आमच्या पाहण्यात नाही.

मुलींविषयी थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. दहा वर्षांपर्यंत भावाबरोबर धावणारी मुलगी तेराव्या वर्षी कडेला बसू लागते. तिला कोणी ‘नको’ म्हणत नाही. फक्त ‘जा’ असेही कोणी म्हणत नाही, आणि एकत्र कुटुंबात एवढे मौन पुरेसे असते. अशा घरांनी धाराशिवच्या सारिका काळे हिचे उदाहरण ध्यानी घ्यावे. तिने भारताच्या खो-खो संघाचे नेतृत्व केले आणि तिला 2020 चा अर्जुन पुरस्कार मिळाला. 2025 च्या जानेवारीत दिल्लीस झालेला खो-खोचा पहिला विश्वचषक भारतीय महिलांनी जिंकला, तोही महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली. ज्या बर्लिन नगरीत अमरावतीकरांनी देशी खेळ दाखविले, तेथेच 2023 साली साताऱ्याच्या शिक्षकाची सतरा वर्षांची कन्या अदिती स्वामी तिरंदाजीत जगज्जेती झाली, आणि त्याच स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांमध्ये पहिला आला. शिक्षकाचे घर म्हणजे आपल्यासारखेच घर. मुलीच्या सरावाची वेळ सांभाळण्यासाठी एखाद्या सासू-सुनेने सकाळच्या चहाची वेळ थोडी बदलली, तर संसार बिघडत नाही.

आता अश्वारोहणाविषयी. घोडा हा शब्द निघाला की आपणांस एकदम शिलेदार-बारगीर आठवतात. शिलेदार आपल्या घोड्यावर स्वार होई, बारगिरास घोडा सरकारचा मिळे. भीमेच्या काठच्या तट्टांवर मराठी स्वारांनी केवढ्या मजला मारल्या, हे इतिहास जाणणारास सांगावयास नको. आजही तापीकाठच्या सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. पण घराघरांतून मात्र घोडा गेला आणि उरला तो वरातीपुरता. वरातीचा घोडा वाजंत्र्यांस सरावलेला असतो; त्याच्या पाठीवर नवशिके मूल बसवून शर्यत लावणे हा खेळ नव्हे, अविचार आहे.

म्हणून ज्या महोत्सवास अश्वारोहणाची स्पर्धा ठेवावयाची असेल, त्याने क्रम नीट पाळावा. प्रथम घोड्यास खरारा करणे व त्याचे खूर तपासणे. मग खोगीर, रिकीब व लगाम यांची ओळख. मग शिक्षकाच्या हाती लांब दोर असताना साधी चाल. आणि बैठक स्थिर झाल्यावर दुडकी. भरधाव दौड ही वर्षभराच्या सरावानंतरची गोष्ट. नवशिक्यांच्या स्पर्धेत वेगास गुण नसावेत. बैठक, लगामावरील हलका हात आणि खांबांमधून वळणे घेण्याची सफाई यांस असावेत. डोक्यावर शिरस्त्राण सर्वांस सक्तीचे. भाल्याने जमिनीतील खुंटी उपटण्याचा नेजाबाजीचा खेळ पाहावयास फार रोमहर्षक, पण तो तयार स्वारांनीच करावा. घोड्यासही विश्रांती, सावली व पाणी यांचा हक्क आहे. लंगडणारे जनावर मैदानावर आणणाऱ्याचे नाव त्या दिवसापुरते तरी यादीतून काढावे.

हा खेळ महाग आहे, हे आम्ही नाकारीत नाही. प्रत्येक कुटुंबास तो झेपणार नाही. परंतु संस्थेस झेपू शकतो. डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनी 1937 साली नाशिक येथे भोसला सैनिकी शाळा स्थापिली, तेव्हा अश्वारोहण विद्यार्थ्यांच्या शिक्षणातच घातले. एक घोडा दहा मुलांत वाटून घेतला म्हणजे चैनीची वस्तू शिक्षणाचे साधन होते. शिवाय ऑलिंपिकच्या अश्वारोहणात स्त्रिया आणि पुरुष एकाच स्पर्धेत समोरासमोर येतात. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत 2023 साली भारताने घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या प्रकारात सांघिक सुवर्णपदक मिळविले. त्या चौघांत दोन मुली होत्या आणि त्यांपैकी सुदीप्ती हजेला ही आपल्या शेजारच्या इंदूरची.

शेवटी एक नाजूक प्रश्न. अलीकडे पुष्कळ ठिकाणी ज्ञातिसंस्थांचे क्रीडादिन भरतात. एकमेकांची ओळख वाढते आणि बुजरी कुटुंबे घराबाहेर पडतात, हा त्यांचा लाभ आम्ही मान्य करतो. पण मैदानाचे दार ज्ञातीच्या नावावर बंद ठेवावे काय? आमचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि त्यास इतिहासाचा आधार आहे. पुण्याच्या सुशिक्षितांच्या डेक्कन जिमखान्यावर 1919 साली ज्या शर्यती झाल्या, त्यांत दूरच्या पल्ल्यास अनवाणी धावणारे शेतकरी पाहून सर दोराबजी टाटा चकित झाले. त्यांच्याच पुढाकाराने 1920 साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला भारताचा चमू गेला. बेळगावचे फडेप्पा चौगुले तेथे मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले आणि कुस्तीत रणधीर शिंदे चौथ्या स्थानापर्यंत पोहोचले. जिमखान्याने त्या दिवशी दारावर जात विचारली असती, तर ते अनवाणी पाय टाटांच्या दृष्टीस पडलेच नसते.

ज्ञातीत पहिला येणे सोपे असते, आणि सोपा विजय मुलास आळशी करतो. आपल्या मुलांना खरी कसोटी हवी असेल तर गवळ्याच्या, शेतकऱ्याच्या आणि कारखान्यातील कामगाराच्या मुलांसोबत ती एकाच रेषेवर उभी राहिली पाहिजेत. त्यांत ती हरतील. काही काळ पुष्कळदा हरतील. ते हरणे पाहण्याची तयारी आई-बापांनी ठेवावी. ज्ञातीचा मेळावा ज्ञातीचा राहू द्यावा, जेवणाची पंगतही हवी तर त्यांची असो. परंतु शर्यतीचे अर्ज पेठेतील प्रत्येक शाळेत वाटावेत.

दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत सुमारे तीन महिने मिळतात. एवढ्या अवधीत रोज अर्धा तास धावणारे मूल चांगले तयार होते. यंदा वाचकांनी घरातील एका तरी मुलाचे आणि एका तरी मुलीचे नाव जवळच्या मैदानावर नोंदवावे, आणि निकाल काहीही लागला तरी त्या सायंकाळी परीक्षेच्या निकालाइतकेच पेढे घरी आणावेत, अशी आमची विनंती आहे.