खाऱ्या वाऱ्यातली जोडीव चाके

मोटारीचे अलॉय व्हील, म्हणजे बाजारात ज्याला सर्रास मॅगव्हील म्हणतात ते चाक, बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे एकसंध ओतीव असते. परंतु १९७० च्या दशकात शर्यतीच्या मोटारींसाठी त्याचा एक जोडीव प्रकार पुढे आला, ज्यात आऱ्यांचा मधला भाग म्हणजे सेंटर, दर्शनी कडा म्हणजे लिप आणि आतला रुंद नळा म्हणजे बॅरल हे तीन भाग वेगवेगळे घडवून गोलाकार बसवलेल्या बोल्टांनी एकत्र आवळले जातात. जर्मनीतील शिल्टाख येथे १९७० मध्ये स्थापन झालेल्या बीबीएस कंपनीचे १९८३ चे आरएस हे चाक या घडणीचा सर्वपरिचित नमुना होय. तुंबा, आरे, पुठ्ठे आणि धाव यांनी सांधलेल्या बैलगाडीच्या चाकाप्रमाणे येथेही बिघडलेला भाग तेवढा बदलता येतो, आणि अशी जुनी चाके घरी सोडवून पुन्हा उभी करण्याचा छंद त्यामुळेच शक्य झाला आहे.

डहाणू, चिंचणी, बोर्डी या किनाऱ्यावर मात्र या सांध्यांचीच परीक्षा होते. ॲल्युमिनियमवर आपोआप जमणारा ऑक्साइडचा पातळ थर एरवी त्याचे रक्षण करतो. पण समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यातील मिठाचे क्लोराइड तो थर जागोजागी भेदते आणि धातूला बारीक खड्डे पडू लागतात. त्यातच पोलादी बोल्ट आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये खारट ओल साचली की एक लहानसा विद्युतघट तयार होतो, ज्यात ॲल्युमिनियम झिजत जाते आणि बोल्टच्या डोक्याभोवती पांढरी भुकटी दिसू लागते. वरचा रंग शाबूत असूनही सांध्यातून हवा गळावी, असा प्रकार याच कारणाने घडतो.

काम सुरू करताना टायर दुकानातून पूर्णपणे उतरवून घेणे अपरिहार्य आहे, कारण हवा भरलेल्या चाकाचे बोल्ट सैल करणे जिवावर बेतू शकते. तलासरीतून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४८ लगतच्या टायर दुकानदारांना हा धोका ट्रकच्या लॉक रिंगवाल्या डिस्कमुळे ठाऊक असतो. ती रिंग नीट न बसता हवा भरली गेली तर ती उसळून बाहेर फेकली जाते, आणि अमेरिकेत अशा चाकांच्या हाताळणीसाठी १९८० मध्ये स्वतंत्र सुरक्षा नियम करावे लागले. मोटारीच्या चाकाची रचना निराळी असली तरी दाबलेल्या हवेचा स्वभाव तोच राहतो.

टायर निघाल्यावर तिन्ही भागांवर जुळणीच्या खुणा कराव्यात, जुने सीलंट गरम हवेने मऊ करून प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावे आणि अडलेला सांधा लोखंडी हातोड्याने न ठोकता नायलॉनच्या मोगरीने हलवावा. रंग काढण्यासाठी कॉस्टिक सोडा वापरण्याचा मोह टाळलेलाच बरा, कारण तो ॲल्युमिनियमलाच खातो आणि त्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो. ॲसिडने क्षणभर उजळलेला धातूही पुढे अधिक वेगाने गंजतो. शिवाय डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित आहे, तेव्हा असल्या रसायनांचे पाणी चिकूच्या वाडीत किंवा विहिरीलगत ओतणे कोणत्याही दृष्टीने समर्थनीय नाही.

स्वच्छ झालेल्या सेंटरची तडे शोधण्याची तपासणी सर्वांत महत्त्वाची, तरीही सर्वांत दुर्लक्षित असते. तिच्यासाठी तीन फवारे मिळतात: पहिल्याने पृष्ठभाग पुसायचा, दुसऱ्यातील लाल द्रव काही मिनिटे मुरू देऊन वरचा पुसून टाकायचा आणि मग तिसऱ्याने पांढरा थर द्यायचा. आऱ्याच्या मुळाशी केसाएवढी जरी चीर असली तरी तिच्यात मुरलेला रंग पांढऱ्यावर लाल रेषा होऊन उमटतो. असे सेंटर बादच करावे, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने उष्णोपचारातून मिळालेले धातूचे बळ नाहीसे होते. पावडर कोटिंगची भट्टीही सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापत असल्याने, बोईसर किंवा वापीकडच्या कारखान्यात चाक देताना तापमान आणि वेळ आधी विचारून घ्यावी.

लिपवर ४०० पासून २००० पर्यंतचा पाणकागद क्रमाने फिरवून, नंतर बफने आरशासारखी झिलई आणता येते, आणि बहुतेक हौशी मंडळींचा जीव तिच्यातच अडकलेला असतो. किनाऱ्यावर मात्र हा हट्ट फारसा शहाणपणाचा नाही. उघडी झिलई लवकर मंदावते, आणि तिच्यावर पारदर्शक लॅकर दिल्यास एखाद्या ओरखड्यातून ओल आत शिरून लॅकरखाली पांढऱ्या, वाकड्यातिकड्या रेषा पसरत जातात. त्यापेक्षा प्रायमर देऊन रंगवलेली लिप अधिक पावसाळे काढते.

जुळणी करताना बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने म्हणजे आवळण्याचे बळ मोजणाऱ्या पान्याने, उत्पादकाने दिलेल्या मापापर्यंत आवळावेत. ज्या चाकांत रबरी रिंग नसते तेथे नंतर आतील सांध्यावर सीलंटची अखंड धार देऊन ती पूर्ण सुकू द्यावी लागते. टायर चढवून हवा भरल्यावर सांध्यावर साबणाचे पाणी लावावे, आणि एखादा बुडबुडा जरी फुगताना दिसला तर टायर पुन्हा उतरवून जुने सीलंट मुळापासून काढावे, कारण वरून दिलेला लेप तेथे धरत नाही.