हसत मांडलेला जमाखर्च

नोव्हेंबर महिना उजाडला की बँकेच्या शाखांमधून निवृत्तिवेतनधारकांची वर्दळ वाढते. आपण हयात आहोत, हे दरवर्षी लेखी कळवायचे असते. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’मुळे हे काम संगणकावरही होऊ लागले, पण वयाने रेषा पुसट झालेला अंगठा यंत्राला ओळखता आला नाही, की समोरच्या आजीबाईंच्या चेहऱ्यावर मिस्कील हसू उमटते. आपण जिवंत आहोत याची खात्री यंत्राला नसली तरी त्यांना स्वतःला ती पुरेपूर असते!

हे हसू येते कुठून? वार्धक्य म्हणजे दुखरे गुडघे, विसरलेले चष्मे आणि दुरावलेली माणसे. तरीही काही वृद्धांच्या सहवासात बसले की मन प्रसन्न होते. या कोड्याचे उत्तर मराठीतल्या एका पुस्तकात सापडते. ते पुस्तक म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे आडनाव गोखले. शाळेचा उंबरठा त्यांनी ओलांडला नाही. अकराव्या वर्षी लग्न झाले ते नारायण वामन टिळक या तरुण कवीशी. अक्षरओळख झाली तीही पतीकडून, त्यांच्या लहरीप्रमाणे. अशा या स्त्रीने साठी ओलांडल्यावर आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. १९३४ पासून त्या भागाभागाने पुस्तकरूपाने येऊ लागल्या आणि मराठी घराघरांत वाचल्या गेल्या.

पुस्तकाच्या आरंभीच वडिलांचे, म्हणजे नानांचे, सोवळे येते. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात घ्यायचा नाही, असा त्यांचा खाक्या. वाचक हसू लागतो. पण या वेडाचे मूळही लक्ष्मीबाई तिथेच सांगतात. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्यातून नानांना हे सोवळे जडले. हसता हसता वाचकाचा हात क्षणभर थबकतो. विनोदाच्या पोटात भय होते, हे त्याला उमगते. लक्ष्मीबाई मात्र वडिलांना दोष न देता पुढच्या आठवणीकडे वळतात.

टिळकांविषयी लिहितानाही त्यांची हीच रीत आहे. हा मनुष्य विलक्षण प्रतिभेचा, तितकाच तापट आणि हाताने उदार. घरात पैसा टिकत नसे आणि घरधनीही एका जागी टिकत नसे. न सांगता निघून जाणे हा त्यांचा स्वभावच. संसार सांभाळणाऱ्या बाईने हे लिहायला घेतले तर तक्रारींचे बाड व्हायचे. इथे मात्र नवऱ्याच्या हट्टाशेजारी बायकोचा हट्टही तितक्याच मोकळेपणाने मांडला जातो. खर्चाची बाजू दाखवताना जमेची बाजू त्या लपवीत नाहीत आणि स्वतःच्या नावावरची बाकीही दडवीत नाहीत.

त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा घाव १८९५ सालचा. त्या वर्षी फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पदरी लहानगा दत्तू, भोवती शोकाकुल नातलग आणि पुढे अंधार. सुमारे पाच वर्षे पतीपत्नी दुरावली. पुढे लक्ष्मीबाईंनी जातिभेदाचा स्वतःच विचार केला, भेद माणसांनीच केलेले आहेत असा निर्णय घेतला आणि कोणाच्याही हातचे पाणी पिण्यास त्या तयार झाल्या. ज्या घरी जिन्नस धुऊन घेत, त्या घरची ही लेक! १९०० मध्ये त्यांनीही दीक्षा घेतली. ही सारी उलथापालथ त्या ज्या सहजतेने सांगतात, त्या सहजतेमागे किती रात्री जागून काढल्या असतील, याचा अंदाज वाचकाने करायचा.

टिळकांच्या घराला पाहुण्यांचा तोटा नव्हता. १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात भेटलेला सतरा वर्षांचा एक मुलगा पुढे त्यांच्या नगरच्या घरात मुलासारखा राहिला. तेच बालकवी ठोंबरे. लक्ष्मीबाईंना त्यांचा लळा लागला. वयाचे अंतर मैत्रीच्या आड येत नाही, हे या घराने दाखवून दिले. १९१८ मध्ये बालकवी रेल्वेच्या अपघातात गेले आणि पुढच्याच वर्षी टिळकही गेले.

त्यानंतर लक्ष्मीबाई हातपाय गाळून बसल्या नाहीत. मुंबईत मुलींच्या वसतिगृहात त्यांनी मेट्रनचे काम केले, पुढे मुलाबरोबर कराची गाठली. टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनी हाती घेतले आणि त्यात ६४ अध्यायांची भर घातली. जिला अक्षरओळख पतीने करून दिली, तिनेच पतीचे काव्य पुढे नेले.

आणि ‘स्मृतिचित्रे’? मुलगा देवदत्त यांना वडिलांचे चरित्र लिहायचे होते. त्यासाठी त्यांनी आईकडे आठवणी मागितल्या. आई लिहीत गेली आणि वडिलांच्या चरित्रासाठी काढलेल्या टिपणांतून आईचे आत्मचरित्र उभे राहिले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंचे निधन झाले, तेव्हा ते पूर्ण व्हायचे होते. अखेरचा भाग त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला.

वार्धक्यातले निर्मळ हसू दुःख विसरल्याने येत नाही. सारे नीट आठवून, कोणालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे न करता सांगता आले म्हणजे ते येते. मात्र सांगणाऱ्याला विचारणारा लागतो. देवदत्तांनी विचारले नसते, तर जलालपूरच्या त्या घरातले सोवळे आणि नगरच्या घरातला तो गोतावळा आपल्यापर्यंत कदाचित पोहोचलाच नसता.

आपल्या घरीही एखादी आजी, आत्या किंवा मावशी असेल. तीच ती गोष्ट ती चौथ्यांदा सांगू लागली की आपण ‘हे माहीत आहे’ म्हणून उठतो. या वेळी उठू नये. एक कोरी वही आणि चांगले पेन तिच्या हाती द्यावे, आणि पुढे काय झाले, एवढेच विचारावे. हयातीचा दाखला बँकेत वर्षातून एकदा द्यावा लागतो. घरात मात्र तो रोज मागितला, तर देणाऱ्याला आनंदच होतो.