ऑलेफिन : नावात तेल, पण आहे वायू!

आजचा शब्द आहे ऑलेफिन. दहावीच्या पुस्तकात तुम्ही याला अल्कीन या नावानं भेटलाय. ज्या हायड्रोकार्बनमध्ये कार्बनच्या दोन अणूंमध्ये दुहेरी बंध असतो, ते ऑलेफिन. त्यात अजून अणू जोडायला जागा शिल्लक असते, म्हणून असंपृक्त.

आता नावात तेल कुठून आलं? लॅटिनमध्ये तेलाला 'ओलियम' म्हणतात. 1795 मध्ये चार डच रसायनशास्त्रज्ञांनी इथिलीन, म्हणजे सगळ्यात छोटं ऑलेफिन, क्लोरीनमध्ये मिसळलं. दोन्ही वायू बरं का! पण भांड्यात जमला तेलकट द्रव. दुहेरी बंधातला एक बंध सुटला आणि तिथं क्लोरीनचे दोन अणू येऊन बसले, हे आपण आज सांगतो. त्यांच्याकडे तर बंध ही कल्पनाच नव्हती! जे दिसलं त्यावरून नाव पडलं, 'तेल करणारा वायू'. त्यातूनच पुढं ऑलेफिन. 1892 च्या जिनिव्हा परिषदेत नावांचे नियम ठरले, तरी कारखान्यांत जुनंच नाव चालतं. मला तेच आवडतं, ते निदान काय घडलं ते सांगतं. आणि तो तेलकट द्रव? शेतातला पीव्हीसी पाइप आजही त्याच्यापासूनच बनतो.

पण आपल्या यवतमाळात इथिलीनची खरी ओळख पातेगळीत होते. हा वायू कपाशी स्वतःच तयार करते. झड लागली, काळ्या मातीत पाणी साचलं, की मुळांना हवा मिळत नाही. तिथं इथिलीनचा कच्चा माल तयार होतो, तो वर चढतो आणि झाडात त्याचं इथिलीन बनतं. मग पात्याच्या देठाशी पेशींचा एक थर सैल पडतो आणि पातं टपकन खाली! आपण किडीला शिव्या देतो, कधीकधी ती असतेही, पण पाऊस उघडल्यावर सगळ्या वावरात एकदम पाती गळली तर आधी पाणी बघा.

पातेगळीवर फवारतात ते एनएए ऑक्झिन गटातलं आहे, देठाचा तो थर लवकर सुटू नये म्हणून. पण वावरात पाणी तसंच असेल तर मुळं गुदमरलेलीच राहतात. म्हणून आधी चर काढा, फवारणीचं मग बघू.