चाळिशी उलटल्यावर पेन्शन : लेखांक ६

मागच्या लेखांकात पंचविशीत सुरू केलेल्या बचतीचं गणित पाहिलं. पण मुलांची शिक्षणं, बोअर, घराचा स्लॅब एवढं उरकून माणूस पेन्शनकडे वळतो, तेव्हा पंचेचाळिशी आलेली असते. तोवर सरकारी योजनांची बरीच दारं बंद झालेली असतात. २०१५ची अटल पेन्शन घ्या किंवा २०१९मधल्या किसान मानधन आणि श्रमयोगी मानधन योजना घ्या, प्रवेशाची वयोमर्यादा चाळीसच. म्हणून ‘आता काय उपयोग’ हा निराशेचा सूर कानी येतो. तो मला पटत नाही. गेलेला काळ परत मिळत नाही आणि व्याजदर आपण ठरवत नाही, हे खरं. पण नोकरीची वर्षं वाया न घालवणं आणि दरवर्षी बाजूला पडणारी रक्कम, या दोन गोष्टी अजून आपल्या हातात असतात.

आधी वर्षांचं बघू. भविष्य निर्वाह निधीला जोडलेल्या १९९५च्या पेन्शन योजनेचं सूत्र साधं आहे : सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगार १५ हजारांच्या वर गेला तरी हिशेबात सहसा १५ हजारच धरतात. म्हणजे पंचेचाळिसाव्या वर्षी बारामती एमआयडीसीत कामाला लागलेल्याला अठ्ठावन्नाव्या वर्षी, १३ वर्षांच्या सेवेवर, महिना साधारण २,७८५ रुपये. रक्कम किरकोळ आहे, हे मान्य. पण ती तहहयात मिळते आणि माघारी जोडीदारालाही त्यातला वाटा मिळतो. अट एकच, सेवा किमान दहा वर्षांची हवी. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या छत्रपती साखर कारखान्यातल्या हंगामी कामगाराला इथे एक सवलत आहे, तिची चर्चा फारशी होत नाही : हंगामात केलेलं काम पेन्शनसाठी पूर्ण वर्ष धरलं जातं. एवढं असून ठेकेदार बदलला की फंड आणि पेन्शनचे पैसे काढून घ्यायची सवय आहे. पैसे काढले की ती वर्षं पुसली जातात आणि मोजणी पुन्हा एकपासून. विशीत हे एक वेळ चालून जातं. सत्तेचाळिशीत चालत नाही.

आता रक्कम. उसाचं बिल महिन्याला येत नाही, त्यामुळे दरमहा हप्त्याची योजना शेतकऱ्याला जाचते. पीपीएफचं तसं नाही, त्यात वर्षातून एकदाच पैसे भरले तरी चालतं. दरवर्षी पहिल्या बिलातून ६० हजार भरले, तर सध्याच्या ७.१ टक्क्यांनी पंधरा वर्षांत १५ लाखांच्या वर जमतात. साठीनंतर ते १५ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, तर आजच्या ८.२ टक्के दराने तिमाहीला ३०,७५० रुपये हाती येतात. महागाई हे खाऊन टाकेल, असा आक्षेप येईल. बराचसा भाग खाईलच : पाच टक्के महागाई धरली तर महिन्याचे ते दहा हजार आजच्या पाच हजारांइतकेच. पण याचं उत्तर ऊस वाढेल तसा भरणा वाढवणं हे आहे. दामदुप्पट सांगणाऱ्या एजंटाला गाठणं हे नव्हे. पंचेचाळिशीत बुडालेलं मुद्दल भरून काढायला वर्षं उरत नाहीत.

‘जमीन हीच आमची पेन्शन’ हा आक्षेप यापेक्षा वजनदार आहे. नीरा डाव्या कालव्याखालच्या बागायतीला तो काही अंशी लागूही पडतो. पण आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. पाण्याची पाळी धरायला, तोडणीसाठी मागे लागायला अंगात बळ लागतं, आणि वाटण्या झाल्या की बापाच्या नावावर किती गुंठे राहतील याचा भरवसा नसतो. वाट्याने दिली तर उत्पन्नही वाटून जातं.

दरवर्षीच्या पीपीएफ भरण्याला एक अपवाद मात्र मी करीन. सोसायटीचं तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर बिनव्याजी पडतं, आणि कारखाना ते बिलातून वळतं करून घेतोच. त्याची चिंता नको. पण पतसंस्थेचं कर्ज तेरा-चौदा टक्क्यांनी चालू असेल, तर यंदाचे ६० हजार पीपीएफऐवजी तिथेच भरावेत.