संगणकाची जुळणी

संगणक म्हटले की कला शाखेच्या विद्यार्थ्याला उगीचच दडपण येते. त्याच्या पोटात काय आहे ते शास्त्र शाखेच्या मुलांनी पाहावे, आपण फक्त कळा दाबाव्यात, असा आपला समज. माझाही होता. शिकवण्या करून साठवलेले पैसे घेऊन तपकीर गल्लीत चौकशीला गेले, तेव्हा एका दुकानदाराने विचारलेही, “आर्ट्सला ना? मग तयारच घे की!” मी सुटे भाग जुळवायचे ठरवले.

वाचकहो, जुळणी म्हणजे निर्मिती नव्हे. भाग कारखान्यातच बनतात. हिशेब करणारा प्रोसेसर, चालू कामाची माहिती तात्पुरती धरणारी रॅम, कायमची साठवण करणारी एसएसडी, वीज पुरवणारा एसएमपीएस आणि या सर्वांना जोडणारा मदरबोर्ड. मात्र यांची पत्रिका जुळावी लागते! डीडीआर-५ जातीची रॅम डीडीआर-४च्या खाचेत बसतच नाही.

दिवाळीच्या सुटीत कामाला लागले. प्रथम कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरील त्रिकोणी खूण सॉकेटवरील खुणेशी जुळवली. येथे जोर लावायचा नसतो. त्यावर वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट ठेवून पंखा बसवला. दोन पृष्ठभागांमधील बारीक फटींत हवा राहिली तर उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून ही पेस्ट.

बटण दाबले. पंखा फिरला, पडदा मात्र काळाच! सारे पैसे पाण्यात गेले असे वाटून पोटात गोळा आला. शिवणकाम करणारी आई शेजारीच होती. ती म्हणाली, “मशीन अडलं की मी आधी दोरा बघते, मग मोटर.” तसेच केले. वीज बंद करून एकेक जोड तपासला. रॅमचे एक टोक अर्धवट बसले होते. ‘खट्’ आवाज येईपर्यंत दाबले आणि पडद्यावर अक्षरे उमटली.

पुढे वाचनात आले की, आपल्या पुण्यात १९८८ साली सी-डॅक संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. त्याचे प्रोसेसरही येथे बनलेले नव्हते. ब्रिटनमधील इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्यूटर नावाचे अनेक छोटे प्रोसेसर जोडून, त्यांच्यात काम वाटून देण्याची विद्या मात्र येथल्यांची होती. माझ्या टेबलावरील पेटीची परमशी तुलना करण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. पण जुळणीला कमी लेखू नये, एवढे मला पटले.

हा लेख त्याच संगणकावर लिहिला आहे. हल्ली शेजारची मुले संगणक अडला की मला हाक मारतात. मी वीज बंद करते आणि झाकण त्यांनाच उघडायला लावते.

— द्वितीय वर्ष, कला