आकाशातल्या महालाचं ओझं कोण उचलायचं?

बाळांनो, राजवाड्याची गोष्ट हवी ना? मग ऐका. हा राजवाडा 18 चाकांवर धावायचा, चार इंजिनांच्या जोरावर उडायचा आणि एका रात्रीत मुंबईहून लंडन गाठायचा. कागदोपत्री तो बोइंग 747, पण आम्ही सगळे त्याला जंबोच म्हणायचो. एअर इंडियाचं पहिलं जंबो 1971 साली मुंबईत आलं, त्याचं नाव ‘सम्राट अशोक’. जाहिरातीत त्याला आकाशातला महाल म्हणत आणि प्रत्येक खिडकीभोवती बाहेरून झरोक्याची लाल महिरप रंगवलेली असे. पुढं 1993 पासून 747-400 आली. कोणार्क, तंजावर, खजुराहो, अजिंठा, आग्रा, वेल्हा गोवा अशी त्यांची नावं. माझी उमेदीची वर्षं सांताक्रूझच्या हँगरमध्ये या महालांच्या पोटाखाली गेली.

आता एक कोडं घालतो. पूर्ण भरलेलं 747-400 जवळजवळ 397 टनांचं. त्याच्या चारही इंजिनांचा जोर मिळून होतो सुमारे 100 टन. मग शंभरानं चारशे कसे उचलले?

इंजिनं विमानाला उचलतच नाहीत, फक्त पुढं ढकलतात. उचलते ती हवा.

हवा म्हणजे काहीच नाही असं आपल्याला वाटतं. पण इथं समुद्राकाठी एक घनमीटर हवेचं वजन सव्वा किलोच्या जवळपास भरतं. म्हणजे या आपल्या खोलीत, तुमच्या-माझ्याभोवती, चाळीसेक किलो हवा आहे. टेबल फॅनसमोर पुठ्ठा आडवा धरा आणि त्याची पुढची कड जराशी वर उचला. हवा पुठ्ठ्याला आदळून खाली वळते आणि पुठ्ठा वर जायला धडपडतो. तुम्ही हवेला खाली ढकललंत, हवेनं तुम्हाला वर ढकललं. न्यूटननं सांगितलेला नियम तो हाच.

जंबोचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 64 मीटर. पंखाच्या वरून जाणारी हवाही त्याच्या बाकाला धरून राहते आणि मागं खालीच वळते. उडताना हे पंख दर सेकंदाला शेकडो टन हवा खाली लोटतात. पुढं जाताना हवेचा जेवढा विरोध होतो, त्याच्या पंधरा पटींच्या आसपास उचल चांगला पंख देतो. म्हणून शंभर टनांचा जोर पुरतो, वर चढायलाही उरतो.

विमानातून जायची संधी मिळाली की मी पंखाजवळची खिडकी मागायचो. दोन लाख लिटरांहून जास्त इंधन, त्यातलं बहुतेक पंखांतच. उभ्या विमानाचे पंख त्या भारानं खाली झुकलेले असत. धावपट्टीवर वेग वाढत गेला की त्यांची टोकं हळूहळू वर येत, आणि चाकं सुटायच्या आधीच कळे की ओझं आता हवेच्या खांद्यावर गेलं. आणखी एक गंमत. आकाशात गेल्यावर मधल्या टाकीतलं इंधन आधी वापरायचं आणि पंखांतलं राखून ठेवायचं. हवा पंखांना वर वाकवते, इंधनाचं वजन त्यांना खाली धरतं, आणि पंखांच्या मुळावरचा ताण हलका होतो.

मे महिन्याच्या दुपारी हीच हवा रुसायची. तापली की विरळ होते, मग पंखांना ढकलायला कमी हवा मिळते आणि धावपट्टी जास्त लागते. त्यात आपली मुंबईची दमट हवा! ती आपल्याला जड वाटते, पण कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, कारण पाण्याचा रेणू नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका.

मग 35,000 फुटांवर, जिथं हवेचा दाब इथल्या चौथाईच्या आसपास असतो, तिथं जायचंच कशाला? विरळ हवेत विरोध कमी. पण बाहेर उणे 54 अंश आणि श्वासाला हवा अपुरी. म्हणून आत हवा दाबून भरायची. तरी आत बसलेला माणूस हवेच्या हिशेबानं साधारण 7-8 हजार फुटांवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्याही पुष्कळ वर असतो. कानात दडे बसतात ते त्यामुळेच. आतली हवा बाहेर जायला पाहते आणि विमानाच्या पातळ पत्र्यावर दर चौरस मीटरला पाच-सहा टनांचा दाब देते. प्रत्येक उड्डाणात पत्रा ताणायचा, उतरल्यावर सैल व्हायचा. केसाएवढी चीर पडली तरी ती वाढत जाते, म्हणून आम्ही बॅटरी आणि भिंग घेऊन रिवेटच्या रांगा तपासायचो. कंटाळा नाही यायचा. त्या पत्र्यापलीकडे काय असतं ते आम्हाला ठाऊक होतं.

हिवाळ्यात लंडनहून येणारं विमान जाणाऱ्यापेक्षा तासभर, कधी त्याहूनही आधी पोचायचं. वर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारी वाऱ्याची नदी असते, जेट स्ट्रीम. उष्ण आणि थंड हवेतल्या फरकातून ती जन्मते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते. जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी 1920 च्या दशकात फुगे सोडून हे जोरदार वारे मोजले होते. पावसाळ्यात दक्षिण भारतावर उलट दिशेनं, पूर्वेकडून वाहणारा झोतही असतो. त्याचा अभ्यास आपल्या पी. कोटेश्वरम यांनी केला.

एअर इंडियाचं ‘आग्रा’ 22 एप्रिल 2024 रोजी मुंबईहून अखेरचं उडालं. वैमानिकानं वर चढताना पंख डावी-उजवीकडे हलवून निरोप घेतला. मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण दोन इंजिनांची नवी विमानं तेच काम कमी इंधनात करतात, आणि त्यांनाही उचलते ती हवाच.

तर उद्या सुट्टी आहे. पट्टी घ्या, या खोलीची लांबी, रुंदी आणि उंची मोजा, गुणाकार करा आणि घनमीटरला 1.2 किलो धरून हवेचं वजन काढा. मी चाळीसेक म्हटलंय. माझं बरोबर आहे का, ते तुम्ही मला सांगायचं.