करारातलं एक कलम

थायरॉईडची गोळी आता आपल्याकडे घरोघरी दिसते. सकाळी उठल्यावर चहाच्या आधी, उपाशीपोटी, पाण्याच्या घोटाबरोबर. औषधाचं मूळ नाव लेव्होथायरॉक्सिन. बाटलीवर कंपनीप्रमाणे नाव बदलतं आणि किंमतही. नेहमीची बाटली दुकानात नसली की प्रत्येक जण विचारतो, ‘दुसऱ्या कंपनीची चालेल का?’ या साध्या प्रश्नाचं एक नीट तपासलेलं उत्तर अमेरिकेतल्या एका विद्यापीठात १९९० च्या अखेरीस तयार होतं. ते छापून लोकांसमोर यायला १९९७ चा एप्रिल उजाडला. विद्यापीठातलं संशोधन बाहेरच्या पैशावर चालतं तेव्हा काय काय घडू शकतं, हे समजून घ्यायला त्या मधल्या सहा वर्षांइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

सॅन फ्रान्सिस्को इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात बेटी डाँग या औषधशास्त्राच्या अभ्यासक होत्या. त्या काळी अमेरिकेत ‘सिंथ्रॉईड’ या गोळीचं राज्य होतं. इतर कंपन्यांच्या गोळ्या स्वस्त होत्या, पण डॉक्टर सिंथ्रॉईडच लिहून देत, कारण तिचा परिणाम अधिक भरवशाचा असा समज होता. डाँग यांच्या आधीच्या एका छोट्या अभ्यासातून या समजाला थोडी पुष्टीही मिळालेली होती. म्हणून १९८७ मध्ये उत्पादक कंपनी त्यांच्याकडे आली. सिंथ्रॉईड आणि बाजारातल्या आणखी तीन गोळ्या यांची रीतसर तुलना करायची, खर्च कंपनी देणार. रक्कम होती सुमारे अडीच लाख डॉलर.

थायरॉईडच्या रुग्ण असलेल्या बावीस स्त्रियांनी आळीपाळीने चारही गोळ्या घेतल्या, रक्ताच्या तपासण्या झाल्या, आकडे जुळवले गेले. चारही गोळ्यांचा शरीरावरचा परिणाम सारखाच निघाला. एकीऐवजी दुसरी दिली तरी चालेल, असा निष्कर्ष होता. कंपनीला हवं होतं त्याच्या नेमकं उलट.

मग कंपनीने, म्हणजे एव्हाना बूट्स या ब्रिटिश औषध कंपनीने, अभ्यासात खोट काढायला सुरुवात केली. रुग्णांची निवड चुकली, मोजमापं चुकली, नैतिक नियम पाळले गेले नाहीत, अशी पत्रं विद्यापीठाच्या वरिष्ठांकडे येत राहिली. विद्यापीठाने चौकशी केली आणि किरकोळ, सहज दुरुस्त होणाऱ्या बाबींपलीकडे काही सापडलं नाही असं कळवलं. १९९४ मध्ये डाँग यांनी लेख अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या ‘जामा’ या नियतकालिकाकडे पाठवला. तज्ज्ञांनी तो तपासला, स्वीकारला, जानेवारी १९९५ च्या अंकात जागाही ठरली. अंक निघायला थोडेच दिवस उरले असताना डाँग यांनी लेख मागे घेतला.

कारण १९८७ च्या करारात एक कलम होतं: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय निष्कर्ष प्रसिद्ध करायचे नाहीत. असं कलम स्वीकारू नये हे विद्यापीठाचं स्वतःचंच धोरण होतं, तरी ते करारात राहून गेलं. कंपनीने खटल्याची धमकी दिली आणि विद्यापीठाच्या वकिलांनी डाँग यांना सांगितलं की, दावा लागला तर तुमची बाजू आम्ही लढवू शकणार नाही. नोकरीवर असलेल्या एका प्राध्यापिकेने अब्जावधींची उलाढाल असलेल्या कंपनीशी एकटीने कोर्टात उभं राहायचं, असा त्याचा अर्थ. त्याच सुमारास बूट्सचा औषधविभाग एका जर्मन समूहाला विकला जात होता. त्या व्यवहारात सिंथ्रॉईड हा मौल्यवान ऐवज होता. एवढ्यावर भागलं नाही. कंपनीच्याच एका अधिकाऱ्याने डाँग यांचे आकडे वापरून, त्यांचं श्रेय न देता, उलटा निष्कर्ष काढणारा लेख दुसऱ्या एका नियतकालिकात छापून आणला. त्या नियतकालिकाच्या संपादकवर्गात तो स्वतः होता.

एप्रिल १९९६ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने हे सगळं चव्हाट्यावर आणलं. सरकारी औषध प्रशासनाने कंपनीला धारेवर धरलं, कंपनीने हरकत सोडली आणि १६ एप्रिल १९९७ च्या ‘जामा’त मूळ लेख छापून आला. स्वस्त पर्याय वापरले असते तर अमेरिकेत वर्षाला सुमारे ३५ कोटी डॉलर वाचले असते, असा अंदाज त्यात होता. पुढे ग्राहकांनी सामूहिक दावे लावले आणि कंपनीला कोट्यवधी डॉलर मोजून तडजोड करावी लागली. (वाचकांपैकी कोणी यावरून परस्पर गोळी बदलू नये. बदल करायचा तर डॉक्टरांना विचारून, आणि दीड-दोन महिन्यांनी टीएसएच तपासून.)

या गोष्टीतून ‘कंपनीचा पैसा वाईट’ असा अर्थ काढणं सोपं आहे. मला तो मान्य नाही. कंपनीने पैसे दिले नसते तर तो अभ्यास झालाच नसता. वाद पैशाचा नव्हता, त्या एका कलमाचा होता.

पण प्राध्यापकाला बाहेरच्या पैशाची गरज का पडते? विद्यापीठ पगार देतं, खोली देतं, वीज देतं. प्रयोगासाठी लागणारा पैसा बहुधा देत नाही. तो प्रस्ताव लिहून मिळवावा लागतो. आपल्याकडे असा प्रस्ताव लिहिणाऱ्या प्राध्यापकाला पीआय, म्हणजे मुख्य संशोधक, म्हणतात आणि त्याच्या अंदाजपत्रकाचे ठरलेले रकाने असतात: मनुष्यबळ, उपकरणं, रसायनं आणि काचसामान, प्रवास, कंटिन्जन्सी म्हणजे आकस्मिक खर्च, आणि शेवटी ओव्हरहेड, म्हणजे संस्थेच्या वरखर्चासाठीची रक्कम. मनुष्यबळ म्हणजे प्रत्यक्षात दोन-तीन तरुण मुलं. कनिष्ठ संशोधन फेलोला २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं, असा केंद्राचा दर आहे.

उपकरणांचा रकाना जरा जवळून पाहू. संशोधन संस्थांना वैज्ञानिक उपकरणांवर पाच टक्के जीएसटी पडत असे. जुलै २०२२ मध्ये ती सवलत गेली आणि बहुतेक उपकरणांवर अठरा टक्के लागू झाला. पन्नास लाखांचं यंत्र घ्यायचं तर आधी अडीच लाख कर होता, २०२२ च्या बदलानंतर तो नऊ लाख झाला. वरचे साडेसहा लाख म्हणजे एका फेलोची जवळजवळ दीड वर्षाची रक्कम. मंजूर झालेला आकडा तोच राहतो, म्हणून कुठेतरी एक मूल कमी घेतलं जातं किंवा रसायनांना कात्री लागते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तर मिळालेल्या संशोधन अनुदानावरच जीएसटी भरा अशा नोटिसा काही आयआयटींना गेल्या. सप्टेंबरमध्ये जीएसटी परिषदेने सूट जाहीर करून ते प्रकरण मिटवलं.

पैसे हप्त्याहप्त्याने येतात. मार्चअखेर यूसी, म्हणजे विनियोगाचं प्रमाणपत्र, गेलं नाही तर पुढचा हप्ता अडतो. गेलं तरी कधी कधी अडतो. मग फेलोशिप चार-सहा महिने थकते आणि पीएच.डी. करणारी मुलं भाड्यासाठी घरी फोन करतात. लग्नाच्या वयाची, घरातली सगळ्यात जास्त शिकलेली मुलं असतात ही. त्यांच्या घरच्यांना ‘सरकारी प्रकल्पावर आहे, पण पगार झाला नाही’ हे कसं समजावून सांगायचं?

आपला देश संशोधनावर एकूण उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो. चीन अडीच टक्क्यांच्या आसपास, दक्षिण कोरिया पाच टक्क्यांच्या आसपास. त्यांच्याकडे मोठा वाटा उद्योगांचा असतो, आपल्याकडे सरकारचा. हे उलटवण्यासाठी २०२३ मध्ये संसदेने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा केला. पाच वर्षांत पन्नास हजार कोटी रुपये उभे करायचे आणि त्यातले छत्तीस हजार कोटी सरकारबाहेरून, म्हणजे उद्योग आणि दानशूरांकडून आणायचे, अशी कल्पना आहे. रक्कम पूर्ण जमेल की नाही यापेक्षा ती कोणत्या अटींवर येईल, याची चर्चा मला महत्त्वाची वाटते. ती मात्र फारशी कानावर येत नाही.

अटींचा भार नसलेला पैसा आपल्या मातीने पाहिलेला आहे. मार्च १९४४ मध्ये होमी भाभांनी दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत भौतिकशास्त्रासाठी संस्था मागितली. ट्रस्टने पैसे दिले, मुंबई सरकारने हातभार लावला आणि १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) उभी राहिली. ट्रस्टला त्या बदल्यात विकण्याजोगं काही नको होतं. त्याही आधी, १९३० मध्ये, साताऱ्याच्या रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली. संस्थेला नाव दिलं गेलं ते गोखल्यांचं, आणि धनंजयराव गाडगीळ पहिले संचालक झाले.

उद्योगाशी थेट व्यवहार करून स्वत्व राखलेली उदाहरणंही आहेत. रासायनिक तंत्रज्ञान शिकवणारं माटुंग्याचं यूडीसीटी, आजचं आयसीटी, १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालं. तिथे प्रा. मनमोहन शर्मा यांनी रासायनिक कंपन्यांना आयुष्यभर सल्ला दिला आणि कारखान्यांतल्या अडचणींतूनच मूलभूत संशोधनाचे प्रश्न उचलले. १९९० मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

अलीकडचं उदाहरण कर्करोगावरच्या कार-टी उपचाराचं. रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी काढून, त्यांच्यात बदल करून परत द्यायच्या असा हा उपचार. आयआयटी मुंबईत प्रा. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत त्यावर काम झालं, खारघरच्या टाटा मेमोरियलच्या केंद्रात जून २०२१ मध्ये पहिल्या रुग्णाला तो दिला गेला. मानवी चाचण्यांसाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान खात्याच्या बायरॅक या संस्थेने १९.१५ कोटी रुपये मंजूर केले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांची परवानगी आली. परदेशात याच जातीच्या उपचाराला तीन-चार कोटी रुपये पडतात, इथे त्याच्या लहानशा हिश्श्यात होतो. तेही लाखांत जातं, सामान्य घराला न परवडणारंच आहे. पण बाहेरचा पैसा योग्य वेळी, योग्य हातात पडला की काय होतं ते इथे दिसतं.

पैसा देणाऱ्याने प्रश्न निवडावा, हे एका मर्यादेपर्यंत चालतं. पेटंटसाठी लेख दोन-तीन महिने थांबवायचा तर त्यालाही हरकत नसावी. निष्कर्ष दाबण्याचा अधिकार देणं आणि देणाऱ्याचं नाव लपवणं, या दोन गोष्टी मात्र कुठल्याही रकमेला विकू नयेत. नाव लपवण्याने काय होतं, हे साखरेच्या प्रकरणात कळलं. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या एका नामवंत वैद्यकीय नियतकालिकात हार्वर्डच्या संशोधकांचा आढावा आला. हृदयविकाराच्या बाबतीत त्याचा सगळा रोख चरबीकडे होता आणि साखरेला तो सौम्यपणे वगळत होता. त्यासाठी साखर उद्योगाच्या संघटनेने ६,५०० डॉलर दिले होते. ही माहिती जुन्या पत्रव्यवहारातून २०१६ मध्ये बाहेर आली, जवळजवळ पन्नास वर्षांनी.

निष्कर्ष दाबण्याच्या बाबतीत टोरांटोच्या डॉक्टर नॅन्सी ऑलिव्हिएरी यांची लढाई आपल्याला अधिक जवळची वाटावी, कारण विषय थॅलेसेमियाचा. वारंवार रक्त भरल्याने शरीरात साचणारं लोह काढणाऱ्या गोळीची त्या चाचणी घेत होत्या. गोळीचा धोका दिसतो आहे हे त्यांना रुग्णांना सांगायचं होतं. प्रायोजक कंपनीने गोपनीयतेच्या कलमावर बोट ठेवून मे १९९६ मध्ये चाचण्याच थांबवल्या. त्यांच्या विद्यापीठाची त्याच कंपनीशी मोठ्या देणगीबद्दल बोलणी चालू होती. २००१ मध्ये कॅनडातल्या प्राध्यापक संघटनेच्या चौकशी समितीने त्यांच्या बाजूने निर्वाळा दिला.

त्याच वर्षी जगातल्या प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी एकत्र येऊन जाहीर केलं की, ज्या संशोधकाला स्वतःच्या आकड्यांवर आणि प्रसिद्धीवर अधिकार नाही त्याचा लेख आम्ही घेणार नाही. पुढे त्यांनी चाचणी सुरू होण्याआधीच तिची जाहीर नोंद सक्तीची केली. भारतात अशी नोंदवही, सीटीआरआय, जुलै २००७ मध्ये उघडली आणि जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांना तिथे नोंद बंधनकारक झाली. कोणीही ती पाहू शकतं. चाचणी कोणत्या रुग्णालयात आहे, पैसा कोणाचा आहे, मुख्य प्रायोजक कोण, नैतिक समितीची मंजुरी केव्हाची, हे सगळं तिथे असतं. आपल्या घरच्या कोणाला चाचणीत भाग घेण्याविषयी विचारलं गेलं तर सही करण्याआधी हे पान जरूर काढून बघावं.

ही सोय चाचण्यांपुरती आहे. बियाणं, कीटकनाशकं, धरणाखालची माती, कारखान्याखालचं भूजल, सिमेंट, मोबाईल टॉवर यांवर आपली विद्यापीठं बाहेरच्या पैशावर जे काम करतात, त्याची अशी नोंदवही नाही. माहितीच्या अधिकारात अर्ज केला तर व्यापारी गोपनीयतेचं कारण पुढे येऊ शकतं. राज्याच्या प्रत्येक विद्यापीठाने वार्षिक अहवालात प्रायोजित प्रकल्पांचा एक तक्ता छापावा, एवढीच माझी मागणी आहे. रकाने तीनच हवेत: पैसा कोणी दिला, किती दिला, आणि निष्कर्ष छापण्याचा निर्णय करारानुसार कोणाकडे आहे.